‘पॅराग्राफ लिहा’ म्हणजे मुलांनी नेमकं काय करायचं? – जपानी भाषेकडून घेतलेला एक धडा



आजचा विषय थोडा वेगळा आहे. निबंध, परिच्छेद, मसुदा, मुद्दे हे शब्द आपण वर्गात रोज वापरतो. सेमी इंग्रजीच्या वर्गात त्यांच्या जोडीला एस्से, पॅराग्राफ, ड्राफ्ट, पॉइंट्सही येतात. हेच इंग्रजी शब्द जपानी भाषेत नेतात तेव्हा काय होतं, ते आज बघूया. जपानीच का, तर दोन वर्षांपासून मी संध्याकाळच्या जपानीच्या वर्गाला जाते. पुण्यात जपानी शिकणारी मंडळी भरपूर आहेत, त्यातलीच मी एक. तिथे विद्यार्थी म्हणून बाकावर बसल्यावर माझ्याच वर्गातल्या मुलांची अडचण मला नव्याने कळली.

झालं असं, की आम्हाला गृहपाठ होता : ‘लहान मुलांना मोबाईल द्यावा का?’ यावर जपानीत लिहा. मी आधी मनात इंग्रजी आराखडा केला. ‘माय क्लेम इज...’ अशी सुरुवात ठरवली. जपानीत इंग्रजी शब्द भरपूर चालतात हे माहीत होतं, म्हणून ‘क्लेम’चं जपानी रूप ‘कुरेमु’ बिनधास्त लिहून टाकलं. सेन्सेईंनी वही परत दिली तेव्हा त्या शब्दाखाली लाल रेघ होती. हसत हसत विचारलं, “तुमची तक्रार नक्की कोणाबद्दल आहे?”

जपानीत ‘कुरेमु’ म्हणजे तक्रार. दुकानातली वस्तू खराब निघाली की गिऱ्हाईक करतं ती. मला जे म्हणायचं होतं त्याला ‘शुचो’ म्हणतात, म्हणजे ठामपणे मांडलेलं मत.

मला हसू आलं, पण घरी येताना आपली चौथीची मुलं आठवली. ‘क्लेम’ म्हटलं की आपल्याकडे तरी काय आठवतं? विम्याचा क्लेम! शब्द ओळखीचा वाटतो, अर्थ मात्र भलताच असतो, आणि मूल चुकतं तेव्हा आपण म्हणतो, “लक्ष नाही तुझं.”

शब्दांची तीन फडताळं

जपानीत एकाच गोष्टीसाठी बऱ्याचदा तीन प्रकारचे शब्द सापडतात. मी त्यांना तीन फडताळं म्हणते.

पहिलं फडताळ घरच्या शब्दांचं. त्यांना ‘वागो’ म्हणतात. आई स्वयंपाकघरात बोलते ते शब्द.

दुसरं फडताळ चिनी मुळाच्या शब्दांचं, म्हणजे ‘कांगो’. पुस्तक, कचेरी, विद्यापीठ इथे त्यांचं राज्य असतं. आपल्याकडे संस्कृत शब्दांना जी जागा आहे, साधारण तीच.

तिसरं फडताळ बाहेरून आलेल्या शब्दांचं, म्हणजे ‘गाइराइगो’. यात बहुतेक इंग्रजी शब्द येतात आणि ते ‘काताकाना’ या वेगळ्या लिपीत लिहितात. त्यामुळे शब्द परका आहे हे बघताक्षणी कळतं.

एक उदाहरण घेऊ. इंग्रजीत निबंधाचे तीन भाग सांगतात : इंट्रोडक्शन, बॉडी, कन्क्लूजन. जपानी प्राथमिक शाळेत बाई फळ्यावर लिहितात : ‘हाजिमे, नाका, ओवारी’. म्हणजे सुरुवात, मधलं, शेवट. पहिलीतल्या मुलालाही हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. तेच मूल मोठं होतं, तेव्हा त्याच गोष्टीला ‘जोरोन, होनरोन, केत्सुरोन’ म्हणायला शिकतं. हे दुसऱ्या फडताळातले भारदस्त शब्द. प्रस्तावना, विषयविवेचन, समारोप यांच्यासारखे.

‘बॉडी’ हा शब्द मात्र तिसऱ्या फडताळातून उचलून मुलांना दिला तर काय होईल? जपानीत ‘बोदी’ म्हटलं की माणसाचं शरीर नाहीतर गाडीचा सांगाडा डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे वेगळं काय होतं? ‘निबंधाची बॉडी’ म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं दंड फुगवून दाखवतात!

यातून मला एक सोपी गोष्ट कळली. नैसर्गिक शब्द म्हणजे शुद्ध शब्द नव्हे, आणि शब्दकोशात पहिला दिलेला शब्दही नव्हे. जो शब्द ऐकल्याबरोबर मुलाला हाताने काय करायचं ते कळतं, तो नैसर्गिक शब्द.

ओळखीचे चेहरे, अनोळखी अर्थ

इंग्रजी शब्द आपल्या भाषेत आधीच येऊन बसलेला असतो आणि त्याने स्वतःचा वेगळा संसार थाटलेला असतो, तिथे सगळ्यात जास्त फसगत होते. काही उदाहरणं बघा :

• ड्राफ्ट – जपानीत ‘दोराफुतो’ म्हटलं की बहुतेकांना बेसबॉल आठवतो. तिथल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९६५ पासून नव्या खेळाडूंची निवड ज्या पद्धतीने होते तिचं हे नाव. आपल्याकडे ड्राफ्ट म्हणजे बँकेतला डीडी. लेखनाच्या ड्राफ्टला जपानी मुलं ‘शितागाकी’ म्हणतात. शिता म्हणजे खाली आणि गाकी म्हणजे लिहिणं, म्हणजे पक्क्या लिखाणाच्या आधीचं, त्याच्या तळाशी असलेलं लिखाण. चित्र रंगवण्याआधी पेन्सिलने काढतात त्या कच्च्या रेखाटनालाही हाच शब्द आहे. त्यामुळे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही की हे खोडायचं असतं, यात चुका चालतात.

• रिपोर्ट – जपानीत ‘रेपोतो’ म्हणजे मुख्यतः कॉलेजच्या विद्यार्थ्याने प्राध्यापकांना द्यायचा लेखी अभ्यास. इंग्रजीत ज्याला कॉलेजचा ‘एस्से’ म्हणतात, त्याला जपानीत बऱ्याचदा हाच शब्द लागू पडतो. आपल्याकडे रिपोर्ट म्हणजे रक्ताचा, नाहीतर एक्स-रेचा.

• कॅरेक्टर – गोष्टीतलं पात्र या अर्थी जपानी शाळेत ‘तोजो जिनबुत्सु’ म्हणतात, म्हणजे मंचावर येणारी व्यक्ती. आपल्या ‘पात्र’ शब्दाच्याही मागे नाटकच आहे. ‘क्याराकुता’ म्हटलं तर कार्टूनमधलं बाहुलं आठवतं. आपल्याकडे कॅरेक्टर म्हणजे शाळा सोडताना मागतात ते सर्टिफिकेट.

• एव्हिडन्स – शब्दकोशात ‘शोको’ सापडतो, पण त्याला पोलीस तपासाचा वास आहे. मताला आधार या अर्थी ‘कोंक्यो’ म्हणतात. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘मूळ’, झाडाचं मूळ. लहान मुलांना तर इतकंच विचारतात, “वाके वा?” म्हणजे “कारण काय?” मराठीतही ‘पुरावा’ म्हटलं की कोर्ट आठवतं. ‘कशावरून म्हणतोस?’ हा प्रश्न मुलाला लगेच कळतो.

• कॉम्पोझिशन – जपानी शाळेत इंग्रजी लेखनाला ‘एइसाकुबुन’ म्हणतात, म्हणजे इंग्रजी रचना. पण परीक्षेत या नावाखाली बऱ्याचदा जपानी वाक्याचं इंग्रजी भाषांतर विचारतात. त्यामुळे मनाने लिहिण्याच्या प्रश्नाला ‘जियू एइसाकुबुन’ असं वेगळं नाव द्यावं लागलं. जियू म्हणजे मुक्त. एक विशेषण जोडल्यावर मुलांना कळलं की इथे भाषांतर नको, स्वतःचं हवं.

या प्रत्येक ठिकाणी शब्दाला शब्द ठेवणारा फसतो. आधी विचारावं लागतं, की हा शब्द या भाषेत आधीपासून कुठे राहतोय?

‘एस्से’ एक, जपानी शब्द अनेक

आता सगळ्यात अवघड शब्द. जपानी मुलाला ‘एस्से लिही’ म्हटलं तर? ‘एस्सेइ’ हा शब्द जपानीत आहे, पण त्याचा अर्थ आपल्या ललित लेखाच्या जवळ जातो. लेखकाला पावसात काय वाटलं, जुनी छत्री बघून कोण आठवलं, असं. मताची मांडणी, तीन कारणं, निष्कर्ष हे त्यात अपेक्षित नाही.

त्याच्यामागे त्यांची जुनी परंपरा आहे. या लेखनाला ‘झुइहित्सु’ म्हणतात. अक्षरशः अर्थ : कुंचल्याच्या मागे जाणं. कुंचला नेईल तिकडे मन जातं. सेइ शोनागोनचं ‘माकुरा नो सोशी’ साधारण हजार वर्षांपूर्वीचं आहे, कामो नो चोमेइचं ‘होजोकी’ १२१२ मधलं, आणि केंको यांचं ‘त्सुरेझुरेगुसा’ चौदाव्या शतकातलं. हे तीन ग्रंथ झुइहित्सुचे आदर्श मानले जातात. इंग्रजी ‘एस्से’ जपानीत आला तो या घरात येऊन बसला.

मग शाळेत काय म्हणतात? ते मुलाने काय करायचं यावर ठरतं :

१. साकुबुन – प्राथमिक शाळेतलं रोजचं लेखन. साकु म्हणजे बनवणं, बुन म्हणजे वाक्य किंवा लेखन. ‘माझी सहल’, ‘माझे आजोबा’ हे सगळं यात येतं.

२. कान्सोबुन – वाचून किंवा पाहून मनात काय आलं ते लिहिणं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तक वाचून ‘दोकुशो कान्सोबुन’ लिहिणं हा जपानी घरांमधला ठरलेला गृहपाठ. त्याची देशपातळीवरची स्पर्धा १९५५ पासून चालू आहे. इंग्रजीतल्या ‘बुक रिपोर्ट’मध्ये पुस्तकात काय आहे याला महत्त्व असतं. इथे वाचताना तुझ्या मनात काय झालं, हे आधी विचारतात.

३. शोरोनबुन – ‘छोटा प्रबंध’. यात मत, कारणं, निष्कर्ष हवेत. हायस्कूलची मुलं प्रवेशपरीक्षांसाठी याची तयारी करतात. इंग्रजी परीक्षेतल्या ‘एस्से’च्या सगळ्यात जवळचा शब्द हाच.

४. रोनबुन – विद्यापीठातला शोधनिबंध.

आता आपल्याकडे बघा. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा निबंध म्हणजे विचारांची जोरकस मांडणी होती. आज चौथीच्या वहीत ‘माझी आई’ हाही निबंध, ‘पाऊस पडला नाही तर’ हाही निबंध आणि ‘मोबाईल : शाप की वरदान’ हाही निबंध. एका शब्दात आपण तीन-चार वेगळी कामं कोंबली आहेत. मग ‘माझी आई’वर मूल ‘आईचे फायदे’ असे मुद्दे काढतं तेव्हा आपण हसतो. पण आपणच त्याला वेगळी नावं दिलेली नाहीत. वर्णन, आठवण, कल्पना, मत एवढं जरी शीर्षकाशेजारी लिहून दिलं तरी मुलाची वाट मोकळी होते.

पॅराग्राफ : दिसणारा आणि कळणारा

मुलं मला नेहमी विचारतात, “बाई, पॅराग्राफ म्हणजे किती ओळी?” तुम्हालाही विचारत असतील. आपण सांगतो, “पाच-सहा ओळी लिही.” आणि तिथेच चूक होते, कारण पॅराग्राफ ओळींनी ठरत नाही.

जपानीत याला ‘दानराकु’ म्हणतात. रोजच्या बोलण्यातही ‘इचिदानराकु’ हा शब्द येतो. कामाचा एक टप्पा संपला, आता जरा टेकूया, अशा अर्थाने. त्यामुळे एक टप्पा पुरा होणं हे मुलाच्या कानाला आधीच माहीत असतं.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे जपानी शाळांमध्ये दानराकुचे दोन प्रकार शिकवतात. पहिला ‘केइशिकी दानराकु’, म्हणजे डोळ्यांना दिसणारा परिच्छेद. नवी ओळ, सुरुवातीला एक घर रिकामं, की झाला. दुसरा ‘इमी दानराकु’, म्हणजे अर्थाचा परिच्छेद. एकाच गोष्टीबद्दल बोलणारे दोन-तीन दिसणारे परिच्छेद मिळून अर्थाचा एक परिच्छेद होऊ शकतो. धडा वाचताना बाई विचारतात, “यातले कोणते परिच्छेद एकत्र बांधता येतील?” मुलं कंस घालून दाखवतात.

इंग्रजीच्या ‘पॅराग्राफ’मध्ये मात्र दिसणं आणि अर्थ एकच असावेत अशी अपेक्षा असते : एक परिच्छेद, एक विचार, आणि तो विचार सांगणारं एक मुख्य वाक्य. हा फरक जपानी अभ्यासकांनाही जाणवला. किनोशिता कोरेओ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये विज्ञानाच्या लोकांसाठी लेखनतंत्राचं एक पुस्तक लिहिलं, ते तिथे प्रचंड खपलं. त्यात त्यांनी या कल्पनेसाठी ‘पाराग्राफु’ असा काताकानातला शब्दच वापरला. दानराकु म्हटलं असतं तर वाचकांना वाटलं असतं, ‘हे तर आम्हाला येतंच.’ म्हणजे परका शब्द नेहमीच वाईट नसतो. नवी कल्पना आहे, जुन्या शब्दाने ती झाकली जाईल, अशा वेळी तो मुद्दाम वापरावा. पण तो वापरणाऱ्याला कारण माहीत हवं.

दिसणारा परिच्छेद शिकवायला जपानी शाळेत एक छान साधन आहे. ‘गेंको योशी’, म्हणजे चौकटींचा कागद. एका कागदावर २० गुणिले २० अशी ४०० घरं. एका घरात एक अक्षर, पूर्णविरामालाही स्वतःचं घर. परिच्छेद सुरू झाला की पहिलं घर मोकळं सोडायचं. किती लिहायचं तेही बाई कागदांवर सांगतात : “दोन कागद लिहा.” आपली गणिताची चौकटीची वही यासाठी थोडीफार वापरता येईल का, हा प्रयोग मी येत्या सत्रात करून बघणार आहे.

लिहिण्याच्या पायऱ्या आणि त्यांची नावं

इंग्रजीत लेखनाच्या पायऱ्या सांगतात : आउटलाइन, ड्राफ्ट, रिव्हिजन, फायनल कॉपी. जपानी प्राथमिक वर्गात त्या अशा येतात :

• आउटलाइन – कुमितातेमेमो. कुमिताते म्हणजे सुटे भाग जोडून वस्तू उभी करणं. खेळण्यातली गाडी जोडतात तसं. मेमो हा इंग्रजीच शब्द, पण केव्हाच घरचा झालेला.

• ड्राफ्ट – शितागाकी. हा वर आलाच आहे.

• रिव्हिजन – मुलांसाठी मिनाओशी, म्हणजे परत बघणं, नीट करणं. मोठ्यांसाठी सुइको.

• फायनल कॉपी – सेइशो, म्हणजे स्वच्छ लिखाण.

• पिअर रिव्ह्यू – योमिआउ, म्हणजे एकमेकांचं वाचणं. बस्स, एवढंच!

यातल्या ‘सुइको’ची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. सुइ म्हणजे ढकलणं आणि को म्हणजे ठोठावणं. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात जिया दाओ नावाचा एक कवी होता. कवितेत साधूने दार ‘ढकललं’ लिहावं की ‘ठोठावलं’, हे त्याचं ठरेना. त्याच नादात जाताना तो एका बड्या अधिकाऱ्याच्या लवाजम्यावर आदळला. तो अधिकारी म्हणजे स्वतः मोठे साहित्यिक हान यू. त्यांनी रागावण्याऐवजी विचार केला आणि म्हणाले, “ठोठावलं चांगलं.” तेव्हापासून लिखाणातला शब्द पारखून बदलण्याला ‘ढकल-ठोठाव’ असंच नाव पडलं, अशी ही कथा आहे. एका क्रियापदासाठी एवढा विचार करायचा असतो, हे त्या शब्दातच साठवलेलं आहे. आपण ‘रिव्हिजन’ म्हणतो तेव्हा मुलांना परीक्षेची उजळणी आठवते. ‘एक शब्द बदलून बघ’ म्हटलं तर मुलं खरंच बदलतात.

मुख्य मत सांगणारं वाक्य, ज्याला इंग्रजीत थिसिस स्टेटमेंट म्हणतात, त्यासाठी लहान मुलांना समजेल असं जपानीत मला सगळ्यात आवडलेलं उत्तर म्हणजे इचिबान इइताइ कोतो. अर्थ : ‘सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते’. ही पारिभाषिक संज्ञाच नाही, साधं बोलणं आहे. पण याहून अचूक भाषांतर मला सुचत नाही.

विषय सोडला की वळण घेतलं?

एक फरक शब्दांपलीकडचा आहे. जपानीत रचनेचा एक जुना साचा आहे : ‘कि-शो-तेन-केत्सु’. सुरुवात, पुढे नेणं, वळण, शेवट. मूळ चिनी चार ओळींच्या कवितेतून आलेला हा साचा आज चार चौकटींच्या विनोदी चित्रकथेतही दिसतो. तिसऱ्या टप्प्यावर लेखक अचानक दुसरीकडे वळतो आणि शेवटी दोन्ही धागे जुळवतो.

इंग्रजीच्या तक्त्याने तपासलं तर हे वळण ‘ऑफ टॉपिक’ ठरतं, गुण जातात. जपानी वाचक मात्र त्या वळणाचीच वाट बघत असतो. त्यामुळे ‘तेन’ला ‘बॉडी पॅराग्राफ क्रमांक दोन’ म्हणून चालत नाही. अशा वेळी दोन शब्दांची जोडी लावण्यापेक्षा फरक सांगणंच बरं. आपल्याकडेही आजी गोष्ट सांगताना मध्येच दुसरीकडे जाते आणि परत येते. म्हणून मुलाने वहीत वळण घेतलं तर लगेच लाल रेघ मारू नका. शेवटी ते परत आलंय का, हे आधी बघा.

टिंब, गोल आणि दचकलेलं चिन्ह

विरामचिन्हांची जपानी नावं बघून मला खूप गंमत वाटली. पूर्णविराम तिथे छोटा गोल असतो, त्याला मुलं ‘मारु’ म्हणतात, म्हणजे गोल. स्वल्पविरामाला ‘तेन’, म्हणजे ठिपका. अवतरणचिन्हं ‘कागी काक्को’, कारण त्यांचा आकार आकड्यासारखा. उद्गारचिन्ह ‘बिक्कुरी माकु’, म्हणजे दचकल्याची खूण. प्रश्नचिन्ह ‘हातेना माकु’. आपण ‘अगं बाई, म्हणजे?’ म्हणतो तसा ‘हातेना’ हा उद्गार. या सगळ्यांना मोठी औपचारिक नावं आहेत, पण ती नंतर येतात.

जुन्या जपानीत ही चिन्हं एकसारखी नव्हती. शाळेच्या पुस्तकांसाठी त्यांचे नियम मांडणारा मसुदा तिथल्या शिक्षण खात्याने १९०६ मध्ये काढला. आपली मोडीही विरामचिन्हांशिवायच लिहीत. मराठीत ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. म्हणजे दोन्हीकडे पाहुणे आले, पण त्यांनी पाहुण्यांना घरची नावंही दिली.

आपल्याकडे अक्षरांच्या खुणांना किती गोड नावं आहेत बघा : काना, मात्रा, वेलांटी, रफार. विरामचिन्हांना मात्र ‘स्वल्पविराम’, ‘अर्धविराम’. शब्द चांगले आहेत, पण ते फोडून सांगावे लागतात. ‘स्वल्प म्हणजे थोडा, विराम म्हणजे थांबा. थोडं थांब.’ एवढं सांगितलं की मुलं वाचताना खरंच थांबतात.

मग आपण काय करायचं?

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. बैलबाजाराची अशी गोष्ट सांगतो की सगळा वर्ग गप्प बसून ऐकतो. पण ‘बैलबाजार या विषयावर तीन पॅराग्राफ लिहा’ म्हटलं की वही कोरी. दोन वर्षं मी त्याला ‘लेखनात कच्चा’ समजत होते. त्या लाल रेघेनंतर मी शब्द बदलले. म्हटलं, “आधी जाताना काय झालं ते सांग. संपलं की एक ओळ सोड. मग बाजारात काय दिसलं ते. परत ओळ सोड. मग घरी येतानाचं.” त्याने दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका होत्याच. पण परिच्छेद तीन होते आणि तिन्ही बरोबर जागी होते. कच्चा तो नव्हता, माझी सूचना कच्ची होती.

म्हणून आता कोणताही लेखनाचा शब्द वर्गात नेण्याआधी मी स्वतःला तीन प्रश्न विचारते :

१. हा शब्द ऐकून मूल लगेच काही करू शकेल का? ‘मसुदा तयार करा’पेक्षा ‘आधी कच्चं लिही’ बरं.

२. हा शब्द मुलाच्या कानात आधीच दुसऱ्या अर्थाने बसलाय का? ड्राफ्ट, रिपोर्ट, बॉडी, क्लेम. आणि फक्त इंग्रजीच नव्हे! ‘लिंकिंग वर्ड्स’ला मी एकदा ‘जोडशब्द’ म्हटलं आणि मुलांनी बाजारहाट, दगडधोंडा लिहून आणले. जपानी बाई त्याला ‘त्सुनागी कोतोबा’ म्हणतात, सांधणारे शब्द. मी आता ‘वाक्यं सांधणारे शब्द’ म्हणते : पण, म्हणून, शिवाय, त्यामुळे.

३. मोठं नाव केव्हा द्यायचं? आधी कृती, मग नाव. ‘सुरुवात-मधलं-शेवट’ हाताला बसलं की पाचवी-सहावीत प्रस्तावना आणि समारोप सांगा, सातवी-आठवीत इंट्रोडक्शन आणि कन्क्लूजन. तिन्ही फडताळं उघडायची आहेत, फक्त खालचं आधी.

पालकांनाही एक विनंती. मूल घरी येऊन म्हणालं, “बाईंनी पॅराग्राफ लिहायला सांगितलाय,” तर लगेच मोबाईलवर शोधून तयार उतारा देऊ नका. त्याला एवढंच विचारा, “तुला यात सगळ्यात जास्त काय सांगायचंय?” ते जे बोलेल तेच त्याचं पहिलं वाक्य.

इंग्रजी शब्द टाळा असं मी अजिबात म्हणत नाही. मुलांना पुढे ते लागणारच आहेत. पण परका शब्द मुलाच्या हातात देताना त्याची मूठ कुठे आहे ते दाखवायला हवं. नाहीतर तो नुसता जड लागतो.

तुमच्या वर्गात, तुमच्या भागातल्या बोलीत या गोष्टींना काय म्हणता? कच्चं-पक्कं, मुद्दे, ओळ सोडणं यांसाठी मुलं स्वतः कोणते शब्द वापरतात? जरूर कळवा. आपण मिळून एक यादी करू, खालच्या फडताळातली.